गाडी बोलवायच्या आधी

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममधे होतो, समोर चार माणसं बसलेली, म्हणून नुसतं हो हो करत राहिलो आणि फोन ठेवल्यावर वाटलं की आपण हे काय केलं, ज्या वेळेला बोलायला पाहिजे नेमकं त्याच वेळेला गप्प बसलो. दोन रात्री झोप नाही नीट. फोनवर मला जमणार नाही, तू मधेच बोलशील आणि मी मधेच थांबेन, म्हणून टाईप करतोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बस आणि सगळं वाच.

तू म्हणालास तिसरा बोर घेतोय. आठशे फूट. पहिला साडेतीनशेला फेल, दुसरा पाचशेला फेल, आता जमिनीतलं पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यानं बांधावरच्या लिंबाखाली पॉइंट दिलाय, तळहातावरचा नारळ उभा राहिला म्हणतोस, पुढच्या आठवड्यात बोरची गाडी येतेय आणि त्यासाठी वहिनीचं गंठण ठेवून कर्ज काढायचं ठरलंय. आणि शेवटी तू एक वाक्य बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. "एवढं घातलंय, आता मागं कसं फिरायचं."

गड्या, हेच वाक्य मी २०१३ च्या मार्चमधे बोललो होतो. शब्दाला शब्द.

तुला आमची बाग जळाली एवढं माहितीये, कशी जळाली ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, तुलाही नाही. साडेतीनशे झाडं होती मोसंबीची, २००४ ची लागवड, नवव्या वर्षातली ऐन भरातली झाडं. २०१२ चा पाऊस गेला तसा गेलाच, दिवाळीलाच हीर तळाला लागली. आणि मी काय शिकवतो कॉलेजात? भूगोल. अकरावीच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगतो की दख्खनचं पठार लाव्ह्याच्या थरांचं आहे, एकावर एक, प्रत्येक थराचा वरचा भाग जाळीदार, फुटलेला, त्यात पाणी मुरतं आणि साठतं, खालचा भाग मात्र घट्ट काळा पाषाण, त्याला भेगा असल्या तरच पाणी आणि जितकं खोल जावं तितक्या त्या भेगा कमी होत जातात आणि मिटत जातात. हे मी गेली वीस वर्षं शिकवतोय. परीक्षेत सहा मार्कांना विचारतो.

आणि तोच मी मार्च महिन्यात रात्री दोन वाजता शेतात उभा होतो, गाडीचा कंप्रेसर धडधडतोय, पाइपातून पांढरी भुकटी उडतीये, अंगावर, डोळ्यात, झाडांच्या पानांवर सगळीकडं तीच भुकटी, आणि गाडीवरचा तमिळ पोरगा मोडक्या हिंदीत विचारतोय, साब और डालू क्या. पाचशे झाले होते. मी म्हणालो डाल. सहाशेला परत विचारलं, मी म्हणालो डाल. रेट तर तुला माहितीच आहे, पहिल्या तीनशेला एक भाव आणि पुढं दर शंभराला चढत जातो, म्हणजे पाणी लागायची आशा कमी कमी होत जाते आणि फुटाचा भाव वाढत जातो. ७२० ला थांबलो ते शहाणपण सुचलं म्हणून नाही, पैसे संपले म्हणून. तो तिसरा बोर होता. पहिल्याला इंचभर पाणी लागलं होतं, ते अकरा दिवस चाललं. दुसरा आणि तिसरा कोरडे.

नारळ मीही फिरवून घेतला होता बरं. पाणाड्याला नावं ठेवत नाही मी, तो माणूस फसवत नसतो, त्याच्या हाताला खरंच काहीतरी जाणवतं. हाताचे स्नायू आपल्या नकळत बारीक हलतात आणि तळहातावरचा नारळ किंवा लिंबाची बेचकी फिरते, त्याला वाटतं जमिनीनं फिरवली. आणि चांगल्या पावसाच्या वर्षात आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी दीडशे-दोनशे फूट गेलं की थोडंफार पाणी लागतं, मग लागलेल्या बोरची गोष्ट गावभर होते आणि फेल गेलेल्या भोकावर दगड ठेवला की सगळे विसरतात. हेही मला माहीत होतं रे. माहीत असून मी अकराशे रुपये, नारळ आणि टॉवेल देऊन त्याच्या मागं मागं अनवाणी चाललो. सगळ्यात जास्त मला तेच खातं. मला माहीत नव्हतं असं काहीच नव्हतं.

आपल्याला लहानपणी वाटायचं ना की मूर्ख म्हणजे ज्याला कळत नाही तो. समर्थांचं जांब आपल्यापासून किती लांब आहे, हाकेच्या अंतरावर, आणि दासबोधातला दुसरा दशक आपण शाळेत असताना सप्ताहात ऐकलाय, त्यात पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे आणि पुढं त्याच दशकात दहावा समास निराळा काढलाय, पढतमूर्खाचा. म्हणजे नुसत्या मूर्खात त्याला बसवता येईना म्हणून त्याला वेगळी जागा दिली. बहुश्रुत आहे, शिकलेला आहे, ब्रह्मज्ञान स्वच्छ बोलतो, पण दुराशा आणि अभिमान धरून बसलाय, असा माणूस. बाग जळाल्यावर त्या वर्षीच्या सप्ताहात हा समास आला आणि मी मंडपात खांबाला टेकून बसलो होतो, मला तिथून उठून जावंसं वाटलं. दुराशा आणि अभिमान. तीनशे फुटापर्यंत आशा असते, ती ठीक आहे, शेतकऱ्यानं आशा सोडली तर पेरायचंच नाही. तीनशेच्या पुढं दुराशा सुरू होते. आणि पाचशेच्या पुढं फक्त अभिमान असतो, की आता बांधावर उभ्या असलेल्या माणसांसमोर थांब म्हणायचं कसं.

आता तात्यांचं सांगतो. माझे चुलते, तू ओळखतोस, शेजारचीच बाग. त्यांची तीनशे झाडं होती. दिवाळी झाली, हिरीत दोर सोडून पाणी मोजलं, घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी कुऱ्हाड आणि दोन गडी घेऊन गेले आणि दोनशे झाडं तोडली. हिरवी, पानांनी भरलेली झाडं. काकू बांधावर बसून रडत होत्या. गावात सगळे म्हणाले तात्याला येड लागलं, मीही म्हणालो, मी तर त्यांच्या तोंडावर म्हणालो की तात्या थोडी कळ काढा, काहीतरी मार्ग निघेल, हातानं पोरं मारल्यासारखं करताय. ते एवढंच म्हणाले की पाणी शंभराचं आहे.

तू हिशोब कर. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला शंभर लिटर तरी धर. माझ्या साडेतीनशे झाडांना रोजचे पस्तीस हजार लिटर, म्हणजे रोज तीन टँकर, तेही मिळाले तर, आणि त्या वर्षी पैसे देऊनही टँकर मिळत नव्हता, भरायचा कुठून हाच प्रश्न होता, अख्ख्या जिल्ह्यात बागा वाळत होत्या. तात्यांचं शंभर झाडांचं गणित दहा हजारात बसत होतं. त्यात त्यांनी राहिलेल्या झाडांच्या फांद्या छाटल्या, आलेली फळं काढून टाकली, तोडलेल्या झाडांचा पाला आणि उसाचं पाचट आळ्यात जाड पसरलं, म्हणजे ऊन मातीला लागणार नाही, आणि पाणी निम्म्यावर आणलं. हिरीत जे काही पाझरायचं ते आणि दोन-तीन दिवसाआड एक टँकर. जून २०१३ ला पाऊस आला तेव्हा त्यांची शंभर झाडं उभी होती, वाळकी दिसत होती पण खोडाला नख लावलं तर आत हिरवं होतं. माझी साडेतीनशेच्या साडेतीनशे सरपण झाली. मी सगळी वाचवायला गेलो.

मी याच्यावर इतकी वर्षं विचार करतोय. त्या दिवाळीला बाहेरून बघणाऱ्याला कोण शहाणा दिसत होता? मी. मी धडपडत होतो, पळत होतो, कर्ज काढत होतो, रात्र रात्र जागत होतो, सगळे म्हणत होते पोरगं जिद्दीचं आहे. आणि तात्या येडे. दोन्हीचा निकाल लागायला सात महिने लागले. तेवढ्यात आपल्याला वर्तमानपत्रासारखं कुणी रोज सांगत नाही की तू चुकतोयस. उलट चुकतोय तेव्हाच जास्त शाबासकी मिळते, हे मी स्वतः अनुभवलंय.

आणि मला तात्यांचा देव करायचा नाही, ते त्यांनाही आवडणार नाही. त्यांनीच गुडघे दुखतात म्हणून पाच वर्षं कुठल्या तरी गावच्या औषधाच्या पुड्या खाल्ल्या, डॉक्टरकडं जा म्हणून पोरगा पाया पडला तरी गेले नाहीत, आता काठी घेऊन चालतात. त्याच तात्यांनी. म्हणजे शहाणपण हे काय दूध-दुभत्यासारखं घरात साठवून ठेवता येत नाही, एका कामात असलेला माणूस दुसऱ्या कामात पार खुळा निघतो. मग फरक काय होता त्या दोन वेळेला? मला एवढंच सापडलं की पाण्याच्या बाबतीत त्यांनी दोर सोडून मोजलं होतं आणि गुडघ्याच्या बाबतीत मोजायलाच तयार नव्हते. डॉक्टर काय सांगेल याची भीती. मी पण बागेचं मोजायला तयार नव्हतो. मला आकडा माहीत होता पण मी तो कागदावर मांडला नाही, कारण मांडला असता तर कुऱ्हाड घ्यावी लागली असती.

अजून एक गोष्ट आहे ती सांगायला मला जड जातंय पण तुझ्यासाठी सांगतो. दुसऱ्या बोरला मी हिच्या पाटल्या मोडल्या. तिच्या आईनं दिलेल्या. ती काही बोलली नाही, कपाट उघडलं आणि काढून दिल्या. नंतर खूप वर्षांनी, पोरगी बारावीला होती तेव्हा, मी एकदा विचारलं की तू तेव्हा नको का म्हणाली नाहीस, तुला पटलं होतं का? तर म्हणाली पटलं नव्हतं, माझ्या मनात होतं की जुन्या हिरीतला गाळ आधी काढून बघावा. मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही विचारलं कुठं, तुम्ही तर सांगितलं." बस. त्याच्यावर मला काही बोलता आलं नाही आणि आजही येत नाही. एवढी वर्षं मी मनात धरून होतो की आम्ही दोघांनी मिळून निर्णय घेतला. तो मिळून घेतलेला नव्हताच, मी घेतला आणि तिला कळवला.

आणि हो, तो गाळ आम्ही २०१६ ला काढला. आजोबांच्या काळातली हीर, सात परस, म्हणजे सात पुरुष खोल, मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं अजून आहे तिथं, बैलांची धाव बुजलीये. यारी, म्हणजे गाळ उपसायची क्रेन लावून आठ दिवस गाळ काढला, आठ फूट निघाला, खाली घागरी, दगड, एक पितळी तांब्या पण निघाला. आणि पश्चिमेच्या बाजूला दोन झरे मोकळे झाले जे मी जन्मात कधी बघितले नव्हते. सगळा खर्च माझ्या एका कोरड्या बोरपेक्षा कमी. पुढं ओढ्याच्या कडेला खड्डा घेऊन दगड, खडी, वाळू भरून पावसाचं पाणी गाळून हिरीत सोडलं. २०१८ परत कोरडं गेलं तेव्हा ती हीर मार्चपर्यंत पुरली. मार्चपर्यंतच, चमत्कार नाही झाला, पण मी नव्या लागवडीत झाडं कमी ठेवली होती म्हणून निभावलं.

तुला वाटेल हा माझ्या पोळलेल्या तोंडानं ताक फुंकतोय. पण तू तुझ्या शिवारात बघ ना, तुझ्या पहिल्या बोरला पाणी का नव्हतं? वरच्या अंगाला दोन वर्षात किती बोर झाले? तूच सांगितलंस की तुझ्या भावकीतल्यानं घेतला, त्याला लागलं आणि त्याच महिन्यात तुझी हीर खाली गेली. मग तू त्याच्यापेक्षा खोल, मग तो तुझ्यापेक्षा खोल. प्रत्येक जण आपापल्या बांधाच्या आत शहाणाच आहे रे, ज्याच्या त्याच्या हिशोबानं बरोबर आहे, आणि सगळ्यांचं मिळून अख्ख्या गावाची माती होतीये. आता तर कायद्यानं शेतीसाठी ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या खाली बोर घ्यायला बंदीच आहे आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत तर परवानगीशिवाय नवीन हीर-बोर नकोच हा कायदा १९९३ पासूनचा. कोण पाळतं म्हणशील, बरोबर आहे, कुणी बघत नाही. पण तो दोनशेचा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून लिहिलेला नाही, आपल्या खडकाचं आहे ते, मी पोरांना शिकवतो तेच.

मी पोरांची सहल घेऊन नगरजवळच्या हिवरे बाजारला गेलो होतो. पोपटराव पवारांचं गाव. तिथं शेतीसाठी बोर घ्यायचा नाही हा गावाचाच नियम, ऊस नाही, केळी नाही. आणि पाऊस संपला की सगळे बसून फळ्यावर पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पडलं, माणसांना किती, जनावरांना किती, उरलं किती, आणि उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते ठरवतात. कमी पडला तर रब्बीला जास्त पाण्याचं पीक घ्यायचं नाही. मला तो फळा बघून तात्यांची आठवण आली. एका माणसानं दोर सोडून मोजायचं काम तिथं अख्खं गाव करतंय, आणि त्याच्यामुळं कुणा एकाला येडं ठरावं लागत नाही. परत येताना बसमधे पोरं गाणी म्हणत होती आणि मी खिडकीला डोकं लावून बसलो होतो.

तुझ्या चार एकराचा हिशोब मी काल रात्री करून बघितला. एका एकरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर चोवीस लाख लिटर पाणी होतं. तुझ्या चार एकरावर सत्त्याण्णव लाख. एक कोटीला थोडंच कमी. त्यातलं बरंचसं वाहून जातं, उन्हानं उडून जातं, थोडंच मुरतं, मान्य आहे, पण ते दरवर्षी परत येतं, आणि आठशे फुटावर जे काही असलं तर असेल ते एकदा उपसलं की ते भरायला किती वर्षं लागतील ते ना तुला माहीत ना मला. तू खाली शोधतोयस आणि ते वरून पडून ओढ्यानं जातंय, तुझ्या डोळ्यासमोरून.

पण खरं सांगू का, मला पाण्याच्या गणितापेक्षा तुझी जास्त काळजी वाटतीये. परवा तुझा आवाज ऐकला ना, तो माझाच आवाज होता. घाईचा. ठरलंय, ठरलंय असं तीनदा म्हणालास तू. ज्याला खरंच पटलेलं असतं तो तीनदा म्हणत नाही. तू मला फोन केलास तो सांगायला केलास की विचारायला, तूच बघ. मला वाटतं कुठंतरी तुला वाटत होतं की ह्यानं थांब म्हणावं, आणि मी स्टाफरूममधे बसून हो हो म्हणालो. म्हणून आता म्हणतो. थांब. गाडी बोलवू नकोस. जे दोन बोर फेल गेले ते पैसे गेले, ते तिसऱ्यातून वर येणार नाहीत, त्या पैशाचा आणि ह्या बोरचा काही संबंध नाही. हे कळायला मला पाटल्या आणि साडेतीनशे झाडं लागली.

आणि झाडं तोडायची वेळ आली तर? येईल कदाचित. तुझी दीडशे आहेत, हिरीचं पाणी बघून कदाचित ऐंशीच राहतील, कदाचित साठ. आताच आंबे बहारासाठी, म्हणजे झाडं फुलावीत म्हणून, पाणी तोडून ताण देणं चालू आहे तुझ्याकडं, तर ह्या वर्षी बहार धरूच नको असंही निघेल. मी तुला सोपं आहे म्हणत नाही, तात्यांनी पहिल्या झाडाला कुऱ्हाड लावली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, मी बघितलाय. त्या रात्री जेवले नाहीत. पण ते आपण दोघं मिळून बघू, तू एकटा नाहीयेस त्या बांधावर.

रविवारी येतोय मी. सकाळच्या एसटीनं निघतो, नऊपर्यंत पोचेन. पन्नास फुटी टेप आणि दोर आणतो, आधी तुझी जुनी हीर मोजू, पाणी किती, गाळ किती, दुपारी परत मोजू म्हणजे तासाला किती पाझरतं ते कळेल. तालुक्याच्या यारीवाल्याचा नंबर आहे माझ्याकडं, काढून ठेवलाय. गाडीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स परत मिळत असेल तर मागून घे, त्यानं नाही दिला तर राहू दे.

आणि एक काम कर, ते माझ्या यायच्या आधी कर. आज रात्री जेवणं झाली की वहिनीला विचार की तुला काय वाटतं. ठरलंय म्हणू नको. विचार, आणि ती बोलेपर्यंत गप्प बस, लगेच नाही बोलणार ती, तरी बस. ती जे म्हणेल ते मला रविवारी सांग.

पिठलं-भाकरीच कर म्हणावं, बाकी काही करत बसू नका.

तुझाच,
मी